‘इतर’ या रकान्यातून

(संशोधन संस्था आणि विद्यापीठांच्या निवड व बढती समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र)

सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

बढतीच्या अर्जाचा नमुना आपल्याला तोंडपाठ असेल, म्हणून त्याचं वर्णन करत बसत नाही. फक्त शेवटचं पान आठवा. शोधनिबंध झाले, प्रकल्प झाले, विद्यार्थी झाले, परिषदा झाल्या, की सगळ्यात खाली एक अरुंद रकाना येतो: ‘इतर’. माझ्या कामाबद्दल गेली बरीच वर्षं मी ब्लॉगवर सगळ्यांसाठी जे लिहिते, ते या रकान्यात जातं. गेल्या खेपेला त्याच्या वरच्या ओळीत वसतिगृह समितीचं सदस्यत्व होतं आणि खालच्या ओळीत आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मुलाखतीत एका सदस्यांनी नेमकं मधल्या ओळीवर पेन टेकवलं आणि अगदी सौजन्याने विचारलं, “हे लेखन वगैरे आपण कामाच्या वेळेत करता का?”

मी “नाही” म्हणाले. ते खोटं होतं.

त्या समितीबद्दल माझी तक्रार नाही. बढती मिळाली, सदस्य भले होते, चहाही मिळाला. खंत आहे ती स्वतःच्या उत्तराची. “हो, कामाच्या वेळेत करते, कारण ते कामच आहे,” एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. त्या वेळी जे बोलले नाही ते आता लिहून कळवते आहे. उघड लिहिते आहे, कारण या रकान्यात माझ्यासारखे बरेच जण अंग चोरून बसले आहेत.

आधी एक वाटी मातीची गोष्ट.

ओली माती वाळते कशी, हा माझा विषय. सुरुवातीला पाणी भराभर उडून जातं आणि पुढे वाळणं इतकं मंदावतं की तासाला मिलिग्रॅमचे अंश मोजावे लागतात. त्यासाठी मातीची वाटी चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायची आणि दर मिनिटाला वजनाची नोंद संगणकात जाऊ द्यायची. काही वर्षांपूर्वी या शेवटच्या टप्प्यावर मी सविस्तर लिहिलं आणि सोबत तीन दिवसांचा कच्चा आलेख जोडला. रेषा हळूहळू उतरत होती, पण मध्ये मध्ये तिला लहानसे उंचवटे होते. पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, आम्ही याला ‘नॉइज’ म्हणतो, मोजमापातली निरर्थक थरथर. तो शब्द लिहिला की पेपर तपासणारे परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. पण विषयाबाहेरच्या वाचकासाठी लिहिताना हा शब्द तसाच टाकता येईना. त्याच्या जागी काय लिहावं याचा विचार करता करता लक्षात आलं की प्रामाणिक वाक्य एकच आहे: ‘हे उंचवटे कशामुळे येतात ते आम्हाला ठाऊक नाही.’ तेच लिहिलं.

चार दिवसांनी एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले होते. पत्र पाच ओळींचं. “बाई, माती वाळताना जड होत नाही. तुमच्या तिन्ही दिवसांच्या आलेखात दुपारी एक ते दोनच्या दरम्यान वजन चढलेलं आहे, आणि दोननंतर ते परत जागेवर आलेलं आहे. त्या वेळात खोलीत काय बंद होतं? एक दिवस मातीऐवजी तेवढ्याच वजनाचे काचेचे मणी ठेवा आणि काही करू नका. मग मला कळवा.”

काचेचे मणी ठेवले. दुपारी एक वाजता मणीही जड झाले.

दुपारी जेवायला जाताना आमच्यातला कुणीतरी रोज एसी बंद करून जात असे. वीज वाचवायची चांगली सवय! खोली तापली की हवा विरळ होते, मग हवेतल्या वस्तूला ती जेवढं उचलून धरते तेवढं धरत नाही, आणि काट्याला वस्तू किंचित जड भासते. तापमानामुळे काट्याचं स्वतःचं यंत्रही थोडं सरकतं, ते वेगळंच. सगळं मिळून चूक अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नव्हती, पण आम्ही मोजत होतो तेही तेवढंच होतं. हे सगळं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं जातं. मी स्वतः शिकवलं आहे.

त्याच काट्यावरचा आमचा आधीचा पेपर दोन परीक्षकांच्या नजरेखालून गेला होता. त्यांना दोष देत नाही, कारण तिथे आम्ही तासातासाची सरासरी घेऊन रेषा गुळगुळीत करून छापली होती. उंचवटे त्यांना दिसलेच नाहीत. दिसले ते जिथे मी कच्चा आलेख टांगला होता आणि शेजारी ‘ठाऊक नाही’ असं लिहिलं होतं तिथे. आता त्या पेपरला दुरुस्ती जोडलेली आहे आणि तिच्या आभारात त्या गृहस्थांचा उल्लेख आहे. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. सगळ्यांना कळेल असं लिहिणं हा संशोधन उरकल्यावर वाटायचा पेढा समजला जातो. माझ्या अनुभवात तो संशोधनातल्या तपासणीचाच एक टप्पा आहे. परिभाषेच्या आडोशाला ज्या जागा झाकल्या जातात, त्या साध्या भाषेत उघड्या पडतात. आणि उघड्या पडल्या की ज्याला त्यातलं कळतं असा कुणीतरी, बहुधा आपण ज्याची अपेक्षाही केलेली नसते असा कुणीतरी, बोट ठेवतो.

यात नवं काही नाही. ज्या जर्नलांच्या याद्या आपण आमच्या अर्जात मोजता, त्यांचा जन्मच पत्रव्यवहारातून झाला. हेन्री ओल्डनबर्ग यांनी 1665 मध्ये लंडनहून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, ते मुख्यतः त्यांच्याकडे ठिकठिकाणाहून येणाऱ्या पत्रांच्या जोरावर. त्या पत्रलेखकांमध्ये डेल्फ्टचा एक कापड व्यापारी होता, आंतोनी व्हान लेवेनहूक. त्याला लॅटिन येत नव्हतं. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. तो आपल्या डच भाषेत, घरी बसून भिंगातून काय दिसलं ते गप्पा मारल्यासारखं लिहायचा. 1676 मध्ये त्याने कळवलं की मिरी भिजवलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वळवळताना दिसतात. ते नियतकालिक ज्यांचं, त्या लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेतल्या मंडळींना ते पचेना. मग त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या, आम्हीही पाहिलं म्हणून. अखेर 1677 च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक यांनी सोसायटीच्या बैठकीत ते जीव दाखवले, आणि 1680 मध्ये लेवेनहूकला सदस्य करून घेतलं गेलं. 1723 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पत्रं लिहीतच होता. शोधनिबंध म्हणता येईल असं त्याने काहीही लिहिलं नाही. त्याचा अर्ज आज आपल्यापुढे आला असता, तर रकाने सगळे कोरे आणि ‘इतर’ मात्र ओसंडून वाहणारं, असं चित्र दिसलं असतं.

जुन्या गोष्टी सांगून मन वळवणं सोपं असतं, म्हणून अलीकडची एक सांगते. ती आपल्यालाही आठवत असेल.

2010 च्या नोव्हेंबरअखेर नासाने पत्रकार परिषदेची घोषणा केली. विषय काय, तर परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारं संशोधन. दोन डिसेंबरला ‘सायन्स’ या नियतकालिकात पेपर जाहीर झाला. मोनो लेक या खाऱ्या सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढतो आणि ते आर्सेनिक त्याच्या डीएनएमध्येही शिरतं, असा दावा होता. खरा ठरला असता तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. आधी कळस मग पाया, असा तो सोहळा. दोनच दिवसांनी रोझी रेडफील्ड या कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ब्लॉगवर त्या पेपराची चिरफाड केली. एरवी तो ब्लॉग म्हणजे त्यांची उघडी प्रयोगवही. आज काय केलं, काय फसलं, उद्या काय करायचं, असल्या नोंदी. त्यांचे आक्षेप आपल्या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नांसारखे साधे होते. डीएनए नीट धुतलं होतं का? वाढीच्या माध्यमात अशुद्धी म्हणून राहिलेला फॉस्फेट जिवाणूंना पुरण्याइतका नव्हता का?

ही चर्चा रीतसर परीक्षण होऊन छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांतच व्हावी, अशी तेव्हा नासाची भूमिका होती. लेखकांचा सूरही तसाच होता. एका अर्थी हे म्हणणं वावगं नव्हतं. ज्याला त्याला उत्तरं देत बसायचं तर काम कधी करायचं? पण नासाने आपला दावा मांडला तो चव्हाट्यावर, दिवे आणि कॅमेरे लावून. आक्षेपांनी मात्र मागच्या दाराने, टोकन घेऊन, सहा महिन्यांनी यावं, ही अपेक्षा न्यायाची नव्हती.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तोच कमी सांगितला जातो. रेडफील्ड बाई टीका करून थांबल्या नाहीत. त्यांनी तो जिवाणू मागवला, प्रयोग पुन्हा करायला घेतला आणि रोजच्या नोंदी सगळ्यांसमोर लिहीत गेल्या. जिवाणू वाढतच नव्हता तेव्हाही लिहिलं, आपली कृती चुकली तेव्हाही लिहिलं. वाचणाऱ्यांमधले जाणकार सूचना करत होते. 2012 च्या जुलैमध्ये ‘सायन्स’ने दोन पेपर छापले, त्यातला एक त्यांच्या गटाचा. शुद्ध केलेल्या डीएनएमध्ये आर्सेनिक सापडलं नाही, आणि वाढायला त्या जिवाणूला फॉस्फेट लागतोच. मूळ पेपर मात्र ‘सायन्स’ने मागे घेतला तो 2025 च्या जुलैमध्ये, आणि तोही लेखकांच्या संमतीशिवाय. म्हणजे पहिला नेमका आक्षेप दोन दिवसांत, प्रयोगाने खोडणं दीड वर्षात, आणि अधिकृत शिक्का साडेचौदा वर्षांनी. यातल्या पहिल्या दोन टप्प्यांवर कुणी शिकाऊ संशोधक असता आणि त्याने अर्ज भरला असता, तर त्यातला पेपर तेवढा रकान्यात बसला असता. दीड वर्षाच्या त्या रोजच्या नोंदी पुन्हा आपल्या ‘इतर’मध्येच.

त्या नोंदी वाचणाऱ्या, विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला काय मिळालं, हेही बघा. वर्तमानपत्रातल्या विज्ञानात सगळे शोध लागलेलेच असतात. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ इथून बातमी सुरू होते. त्याच शास्त्रज्ञांनी सहा महिन्यांनी उलटं सिद्ध केलं की वाचक म्हणतो, यांचं काही खरं नाही. ज्याने जिवाणू न वाढण्याचे महिने बघितले आहेत, त्याला मत बदलण्यात लबाडी दिसत नाही. त्याला काम दिसतं.

गणितातलं उदाहरण थोडक्यात. 2013 च्या मे महिन्यात यितांग झांग यांनी सिद्ध केलं की एकमेकांपासून जास्तीत जास्त सात कोटींच्या अंतरावर असलेल्या अविभाज्य संख्यांच्या जोड्या कधी संपत नाहीत. ते सात कोटी खाली आणायचं काम टेरेन्स टाओ आणि इतरांनी ब्लॉगवर, सगळ्यांच्या देखत चालवलं. ज्याला सुचेल त्याने लिहावं. आकडा 4,680 पर्यंत आला. मग जेम्स मेनार्ड या तरुणाने स्वतंत्रपणे वेगळी वाट काढून तो 600 वर आणला, आणि दोन्ही वाटा एकत्र करून 2014 मध्ये तो 246 झाला. ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं असे लोकही रोज सकाळी आकडा कुठवर उतरला ते बघायला येत. मी त्यातलीच एक. गणितज्ञ माणसं कशी चुकतात, “अरेच्चा, हे चुकलं माझं,” असं किती सहज लिहितात, हे मी तिथे प्रथम पाहिलं. आमच्या विभागात हे वाक्य मी आजवर दोनदा ऐकलं आहे.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, बाई, हे जाणकारांचं आपापसातलं झालं. सामान्य लोकांचं काय? त्यांच्यापर्यंत ज्ञान पोचवायचं तर सोप्या भाषेत, चित्रं वगैरे काढून...

थांबवते. ‘पोचवायचं’ या शब्दापाशीच आमचं अडतं. रिकाम्या घागरीत वरून पाणी ओतावं तसं लोकांच्या डोक्यात विज्ञान ओतायचं, आणि घागर भरली की लोक आपोआप आपल्यावर विश्वास ठेवतील, अशी ती समजूत. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने 1985 मध्ये लोकांच्या विज्ञानविषयक आकलनावर अहवाल काढला तेव्हा भर या समजावून सांगण्यावरच होता. पंधरा वर्षांनी, 2000 मध्ये, तिथल्या संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्स या सभागृहाच्या समितीला म्हणावं लागलं की नुसतं सांगून भागत नाही, संवाद हवा. मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं होतं, आणि त्यातलं काही शब्दशः पावसाचं होतं.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट 26 एप्रिल 1986 चा. मेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर पाऊस पडला आणि सोबत किरणोत्सारी सीझियम खाली आलं. जूनमध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि हालचालीवर बंदी आली, ती तीन आठवड्यांपुरती; तेवढ्यात सीझियम मातीत बांधलं जाईल आणि गवतात येणार नाही, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. त्यांचं गणित चिकणमातीचं होतं. डोंगरावरची माती आम्लधर्मी आणि कुजट, तिथे सीझियम बांधलं जात नाही. मुळांवाटे गवतात, गवतातून मेंढीत, असं फिरत राहतं. (मातीचा अभ्यास करणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार लागते.) ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या मेंढपाळांशी बोलून जे लिहिलं ते वाचण्यासारखं आहे. शास्त्रज्ञांनी जमिनीचे तुकडे कुंपण घालून वेगळे केले, त्यांवर वेगवेगळ्या प्रमाणात बेंटोनाइट ही सीझियम धरून ठेवणारी चिकणमाती टाकली आणि मेंढ्यांना आत ठेवलं. मेंढपाळ म्हणाले, आमच्या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरतात, कुंपणात कोंडल्या तर त्या खंगतील आणि तुमचे आकडे चुकतील. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आणि तीन आठवड्यांची ती बंदी? शेवटचे निर्बंध उठायला 2012 उजाडलं.

त्या मेंढपाळांना विज्ञान कळत नव्हतं असं नाही. त्यांना आपली बाजू मांडायला जागा नव्हती. उघड्यावर, सही करून, उत्तराला वाव ठेवून लिहिलेला मजकूर ही अशी एक जागा असते. वजनकाट्यांच्या गृहस्थांना माझ्या पेपराखाली कुठे लिहिता आलं असतं?

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजू लपवली तर ते ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. उघड लिहिण्याने सगळं मंगल होतं असं मुळीच नाही. आम्हाला वाचणारे बहुतेक जण आधीपासूनच विज्ञानाच्या वाटेवरचे असतात. ज्यांच्यापर्यंत जावं असं तोंडाने म्हणतो ते क्वचितच फिरकतात. आमच्याच साधनाने, आमच्याहून चटपटीत भाषेत, लसींबद्दल आणि हवामानाबद्दल धडधडीत खोटं लिहिणारे आहेत आणि त्यांना वाचक जास्त आहेत. शिवाय पैसा शिरला की काय होतं तेही पाहिलं. सायन्सब्लॉग्ज या नावाजलेल्या ठिकाणी 2010 मध्ये पेप्सिकोच्या पैशाने चालणारा पोषणावरचा ब्लॉग सुरू झाला आणि अनेक चांगले लिहिणारे तडकाफडकी निघून गेले. 2017 मध्ये ते ठिकाणच बंद पडलं.

याहून गंभीर गोष्ट क्रौर्याची. 2014 च्या जानेवारीत जपानमधल्या एका गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात दोन पेपर छापले. साध्या पेशी आम्लात बुडवल्या की मूलपेशींसारख्या, म्हणजे शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या होतात, असा दावा होता. काही आठवड्यांतच वाचकांनी चित्रांमधली गफलत दाखवली. मूलपेशींवर काम करणारे पॉल नोफ्लर यांनी आपल्या ब्लॉगवर, कुणाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग जमतो आणि कुणाच्या नाही, याची उघड नोंद ठेवायला सुरुवात केली. जमलेला जवळपास कुणी निघेना. जुलैत दोन्ही पेपर मागे घेतले गेले. इथवर विज्ञानाचा विजय. पण त्या महिन्यांत छापील माध्यमांत आणि इंटरनेटवर जी झोड उठली ती पेशींपुरती राहिली नाही, माणसांवर आली. सहलेखकांपैकी एका ज्येष्ठ आणि नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. कुणा एकाच्या लिखाणाकडे बोट दाखवून हे असं घडलं म्हणणं चूक ठरेल. पण मी तेव्हा दोन-तीन कुत्सित वाक्यं लिहिली होती. ती आजही तिथेच आहेत, खाली माझ्या माफीसह. पुसली नाहीत.

मग आपल्याकडे मागणं काय? आपल्याला वाटेल, आता ही बाई म्हणणार, या लेखनाला गुण द्या.

नाही. कृपा करून गुण देऊ नका.

गुण दिलेत की मोजणं आलं, मोजणं आलं की वाचकसंख्या आली, आणि ती आली की ‘तुम्हाला माहीत आहे का मातीविषयीची ही सात आश्चर्यं’ लिहायला आम्ही मोकळे. पेपरांचं काय झालं ते आपण सगळे पाहतोच आहोत. एका पेपराचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापायची कला आमच्या पिढीने आत्मसात केली, ती काही हौस म्हणून नव्हे. विद्यार्थ्यांवर सक्ती तर अजिबात नको. ज्याला लिहावंसं वाटत नाही त्याने काचेचे मणी मोजावेत, तेही तितकंच लागतं.

मला हवं आहे ते याहून कमी आहे, आणि म्हणूनच बहुधा अवघड.

पहिलं म्हणजे, या ओळीवर पेन टेकवून कामचुकारपणाचा संशय घेऊ नका. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नावावर शेकडो शोधनिबंध होते. तरी 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं, आणि लोकांसाठी ते फार बोलतात-लिहितात हे सहकाऱ्यांच्या डोळ्यांवर आलं होतं असं तेव्हापासून म्हटलं जातं. दोनच वर्षांनी त्याच अकादमीने त्यांना लोककल्याणासाठीचं आपलं पदक दिलं. बघा, ‘इतर’ तिथेही होतंच.

दुसरं, संशोधकाने स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच्या नावाने लिहिण्याआधी प्रसिद्धी विभागाची परवानगी घ्यावी, असा नियम असेल तर तो काढा. त्या विभागातली माणसं कष्टाळू असतात, पण संस्थेचं नाव राखणं हे त्यांचं काम आहे. ‘ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांच्या हातून सुटून बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. माझाच एक मजकूर एकदा त्या वाटेने गेला आणि परत आला तेव्हा त्यात ‘क्रांतिकारी’ हा शब्द दोनदा होता. माती वाळण्यात क्रांती कसली?

तिसरं जपणुकीचं. संस्थेचं ग्रंथालय आमचा प्रत्येक पेपर सांभाळतं. या लिखाणाला मात्र घर नसतं. गुगल रीडर ही अनेक ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय 2013 मध्ये बंद झाली तेव्हा अनेक वाचकांचे आमच्याकडे येण्याचे रस्तेच पुसले गेले. पुढे चर्चा समाजमाध्यमांच्या फीडमध्ये गेली, आणि तिथला मजकूर दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. माझी पहिली चार वर्षं एका सर्व्हरसोबत गेली. ज्या संस्थेत तेव्हा होते तिने तो बदलला आणि जुनं कुणी उचललं नाही. प्रयोग का फसला याच्या नोंदी त्यात होत्या. पुढे दोन विद्यार्थी त्याच खड्ड्यात पडले. ग्रंथपालांना एक पत्र लिहून हे होण्यासारखं आहे.

आणि एक शेवटचं, ज्याला ना पैसा लागतो ना ठराव. मुलाखतीत कुणी असं लिहिणारा समोर आला तर ‘कामाच्या वेळेत करता का’ याऐवजी विचारा, ‘वाचकाने दाखवलेली तुमची एखादी चूक सांगा.’ उत्तर आलं नाही तर खुशाल समजा की ती ओळ प्रसिद्धीची आहे. उत्तर आलं तर ऐका. बाकीच्या अर्जात नसलेली बरीच माहिती त्यात असेल.

पत्र इथेच थांबवते. वजनकाट्यांच्या त्या गृहस्थांचं परवा पुन्हा पत्र आलं आहे. या वेळी त्यांना दुसऱ्या आलेखातली पहाटे चारची खाच खटकते आहे. एसी रात्रभर चालू असतो, तपासून पाहिलं. त्यांना उत्तर द्यायचं आहे, आणि ते मी उद्या सकाळी, कामाच्या वेळेत देणार आहे.

आपली नम्र,
‘इतर’मधली एक अर्जदार